अवकाशात जाणाऱ्या लिफ्टचा दोर कशाला टांगणार?

प्रश्न : आमच्या इमारतीतील लिफ्टचे दोर गच्चीवरील यंत्राला टांगलेले आहेत. पृथ्वीवरून थेट अवकाशात जाणारी लिफ्ट उभारण्याची कल्पना मांडली जाते, तिचा दोर कशाला टांगणार? आणि अशी लिफ्ट मुंबईत उभारता येईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आपण नेमक्या गाभ्याच्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १८९५ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात जमिनीवरून उभारलेला मनोरा होता. १९६० मध्ये युरी आर्तसुतानोव्ह यांनी ती उलटी केली : दोर खालून उभा करायचा नाही, वरून सोडायचा. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतीनेच प्रदक्षिणा घालतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एका जागी स्थिर दिसतो. आपल्या गच्चीवरील टीव्हीची डिश हलवावी लागत नाही ती यामुळेच. तेथून एक दोर पृथ्वीकडे सोडायचा आणि तोल राखण्यासाठी दुसरा बाहेरच्या दिशेने सोडून त्याच्या टोकाला वजन बांधायचे. गोफणीत दगड फिरवताना दोरी जशी ताठ होते, तसे हे बाहेरचे वजन संपूर्ण दोर ताणून धरते. थोडक्यात, आपल्या लिफ्टचे छत म्हणजे पृथ्वीचे फिरणेच.

खरी अडचण दोराच्या स्वतःच्या वजनाची आहे. उत्तम पोलादी तार टांगली, तर साधारण पंचवीस-तीस किलोमीटर लांबीनंतर ती आपल्याच भाराने तुटेल. येथे मात्र मधोमध जाड आणि टोकांकडे निमुळता होत जाणारा दोर घेतला, तरी पोलादाचा निभाव लागत नाही. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या संशोधनामुळे कार्बन नॅनोट्यूबकडे जगाचे लक्ष वेधले गेले आणि या कल्पनेला पुन्हा बळ मिळाले. या सूक्ष्म नळ्या अत्यंत हलक्या आणि विलक्षण मजबूत असतात. परंतु २०१३ मध्ये तयार झालेली विक्रमी नळीसुद्धा जेमतेम अर्धा मीटर लांबीची होती. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०१२ मध्ये ९६,००० किलोमीटर दोराची योजना जाहीर करून २०५० चे लक्ष्य सांगितले होते. मला ते फार आशावादी वाटते, कारण अर्ध्या मीटरपासून तेथवरचे अंतर केवळ पैशाने कापता येणारे नाही.

तरीही ही कल्पना सोडून द्यावी असे मला वाटत नाही. उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या वजनात बहुतांश वाटा इंधनाचाच असतो. विजेवर चढणाऱ्या डब्याला ते ओझे सोबत न्यावे लागणार नाही. ताशी २०० किलोमीटर वेगाने तो स्थिर उपग्रहाच्या उंचीवर साडेसात दिवसांत पोहोचेल. मात्र वाटेत ४०० किलोमीटरवर कोणी बाहेर पडले, तर ते तरंगणार नाही, सरळ खाली कोसळेल. कारण त्या उंचीवर पृथ्वीभोवती फिरत राहण्यास सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेग लागतो आणि दोरावरील डब्याला जेमतेम अर्धा किलोमीटर मिळतो.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तरेस आहे. येथे बांधलेला दोर सरळ वर न जाता विषुववृत्ताकडे झुकेल आणि त्याच्यावरील ताण वाढेल. म्हणून विषुववृत्ताजवळील समुद्रात, वादळे क्वचितच येतात अशा ठिकाणी, तरंगता तळ उभारणे अधिक योग्य मानले जाते. मुंबईकरांना लिफ्टच्या दारापर्यंत आधी जहाजाने जावे लागेल.