९११ ला फोन केला म्हणून घर जाईल का?

ताई, पत्र वाचलं. पेन्सिल्व्हेनियात भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहता, सासूबाईंना दमा, त्यांच्यासाठी दोनदा ९११ ला, म्हणजे पोलीस-अँब्युलन्सच्या इमर्जन्सी नंबरला, फोन केलात, तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावर मारहाणीचे आवाज येत होते म्हणून, आणि आता लीजिंग ऑफिसने दाराला कागद अडकवलाय की बरोच्या (गावच्या पालिकेच्या) न्यूसन्स ऑर्डिनन्सप्रमाणे, म्हणजे उपद्रवाविरुद्धच्या स्थानिक नियमाप्रमाणे, अजून एक कॉल झाला तर लीज रिन्यू होणार नाही. मग मागच्या आठवड्यात सासूबाईंना धाप लागली तेव्हा तुम्ही हातात फोन धरून बसून राहिलात आणि शेवटी उबरने इमर्जन्सीत नेलंत.

असं परत करू नका हो. धाप लागली की सरळ ९११. लीजचं नंतर बघता येतं.

तुमच्याच राज्यात नॉरिसटाउनला असाच नियम होता, ४ महिन्यांत ३ वेळा पोलीस आले की घरमालकाचं घर भाड्याने द्यायचं लायसन्स अडचणीत. २०१२ मध्ये लकीशा ब्रिग्ज नावाच्या बाईच्या मानेवर तिच्या जुन्या बॉयफ्रेंडने वार केला, रक्त वाहतंय आणि ती शेजारणीला विनवतेय की ९११ ला फोन नको करूस, घर जाईल. शेजारणीने केला म्हणून वाचली. पुढे केस झाली, २०१४ मध्ये सेटलमेंट झाली आणि त्याच वर्षी राज्यानेही कायदा केला की मदतीसाठी केलेल्या फोनवरून बरो किंवा शहराने भाडेकरूला शिक्षा करायची नाही.

केंद्राचं कलम २०२२ चं. व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्टमध्ये आहे, त्यामुळे वाटतं फक्त घरगुती हिंसेसाठी असेल, पण ते भाडेकरू, मालक, पाहुणा सगळ्यांना लागू आहे आणि दुसऱ्या कुणासाठी केलेल्या फोनलाही, म्हणजे तुमचा वरच्या मजल्याचा कॉलसुद्धा त्यात बसतो. दंड, घर खाली करायची धमकी, रिन्यू न करणं, सगळ्याला मनाई.

मेख एकच. हे कलम सरकारी संस्थांच्या नियमांना लागतं, तेही केंद्राचा सीडीबीजी (स्थानिक विकासासाठीचा) निधी घेणाऱ्या. ऑफिसने बरोकडे बोट दाखवलंय हे तुमच्या फायद्याचंच आहे. उद्या म्हणाले की ही आमचीच पॉलिसी, तर मग फेअर हाउसिंग अ‍ॅक्टचा, म्हणजे घरांच्या बाबतीत भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याचा, रस्ता, कारण गंभीर दमा अपंगत्वात धरता येतो आणि तुमचे दोन कॉल त्याच आजाराचे आहेत.

म्हणून आजच ईमेल टाका, भांडू नका, एवढंच विचारा की कुठलं ऑर्डिनन्स, नंबर काय, कॉपी द्या. दारावरच्या कागदाचा फोटो काढून ठेवा, फेकू नका. हडकडे म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार फुकट होते, पण १ वर्षाच्या आत. आणि कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढता येत नाही, घाबरून स्वतःहून घर सोडू नका. व्हिसाचं विचारलंत, सासूबाईंसाठी अँब्युलन्स बोलावली म्हणून तुमच्या एच-४ ला (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणाऱ्या व्हिसाला) काही होत नाही.

ईमेलचं उत्तर आलं की पाठवा, आणि लीज संपायची तारीखही, ती तुम्ही लिहिलीच नाहीये.