स्नोमोबाइलचा वाकलेला टनेल घरी सरळ होईल?

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो. झाडाच्या बुंध्यावर आपटून माझ्या जुन्या स्नोमोबाइलचा (बर्फावर चालणाऱ्या गाडीचा) टनेल, म्हणजे सीटखालचा, फिरत्या पट्ट्यावरचा पत्र्याचा सांगाडा, वाकला. डीलर सांगतो त्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल. गॅसवर तापवून ठोकू का?

उत्तर : तापवू अजिबात नका! टनेल ॲल्युमिनियमचा असतो. तो लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळतो. मी माझा गारच ठोकला. आधी सीट आणि पेट्रोलची टाकी उतरवली, आतून लाकडी ठोकळा लावला, बाहेरून रबरी हातोडा. आळसाने एक रिव्हेट काढायचा राहिला, नेमका तिथेच पत्रा फाटला. तेव्हा वाकाजवळचे रिव्हेट ड्रिलने आधी काढाच. मग सस्पेन्शनच्या बोल्टांच्या भोकांमधली तिरपी अंतरं मोजा. दोन्ही सारखी नसतील, तर पट्टा एका अंगाला घासत राहील. पुढचा बल्कहेड (इंजिन बसतं तो सांगाडा) चिरला असेल, तर ठोकाठोकी नको. भंगारातल्या गाडीचा आणून बसवा.