वीज गेल्यावर घरच्या डेस्कटॉपवरील वेब ॲप आपोआप कसे सुरू करावे?

पुण्यातल्या घरी जुन्या डेस्कटॉपवर उबंटू टाकून तुम्ही एका लहान वाचनालयाचे वेब ॲप चालवता. ते जँगो या पायथनच्या वेब चौकटीत लिहिलेले आहे आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीत आहे. वीज जाऊन आली की सगळे हाताने सुरू करावे लागते, आणि क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीच्या 'रीबूट' ओळीत दिलेली शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) कधी चालते, कधी चालत नाही. तेव्हा स्क्रिप्टमधील 'स्लीप' (थांबून राहण्याची आज्ञा) किती सेकंदांचा ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते स्लीप पूर्णपणे काढून टाकावा. किती वेळ थांबायचे याऐवजी कशासाठी थांबायचे हे स्क्रिप्टला सांगितले, तरच अशी व्यवस्था भरवशाची होते.

तुमची स्क्रिप्ट कधी चालते आणि कधी नाही, याचे कारण बहुधा इथेच आहे. तुम्ही स्वतः मशीन रीबूट करता तेव्हा पोस्टग्रेस व्यवस्थित बंद होते आणि पुन्हा चटकन उभे राहते. वीज अचानक गेली की मात्र त्याला तशी संधी मिळत नाही. मग सुरू होताना ते शेवटच्या चेकपॉइंटपासून (सगळे बदल डिस्कवर पक्के झाल्याच्या टप्प्यापासून) पुढच्या, राइट-अहेड लॉग या बदलांच्या नोंदवहीत असलेल्या नोंदी आधी पुन्हा लागू करते, आणि हे काम संपेपर्यंत येणारी प्रत्येक जोडणी 'डेटाबेस अजून सुरू होत आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन नाकारते. म्हणजे चाचणीच्या वेळी पुरलेले दहा सेकंद नेमके खऱ्या प्रसंगी अपुरे पडतात. शिवाय क्रॉनला तुमच्या टर्मिनलमधल्या सेटिंग्ज मिळत नाहीत. उबंटूवर त्याचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या जागांची यादी, सहसा दोन-चार ठरावीक फोल्डरांपुरताच असतो, त्यामुळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला (ॲपच्या वेगळ्या पायथन फोल्डरमधला) गुनिकॉर्न, म्हणजे जँगो ॲप चालवणारा सर्व्हर, त्याला सापडत नाही. आणि ॲप मध्येच बंद पडले तर क्रॉन ते पुन्हा सुरूही करत नाही.

म्हणून हे काम सिस्टमडीकडे, म्हणजे उबंटूमधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवावे. उबंटूमध्ये ते 2015 मधील 15.04 या आवृत्तीपासून मूळचेच आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. स्क्रिप्ट मात्र ठेवावी, फक्त तिचे काम आटोपशीर करावे. तिच्यात एक लूप लिहावा: 'पीजी इजरेडी' ही आज्ञा शून्य परत देईपर्यंत एक-एक सेकंद थांबावे. ही आज्ञा पोस्टग्रेससोबतच येते, तिला पासवर्ड लागत नाही, आणि डेटाबेस जोडण्या स्वीकारत असेल तरच ती शून्य देते. तो अजून सुरू होत असेल तर एक, आणि काहीच प्रतिसाद नसेल तर दोन. त्यानंतर शेवटच्या ओळीत गुनिकॉर्नचा पूर्ण पाथ लिहून त्याच्या आधी 'एक्झेक' लावावे, म्हणजे शेल बाजूला होऊन त्याच प्रोसेसच्या जागी गुनिकॉर्न येतो आणि सिस्टमडीचे लक्ष थेट त्याच्यावर राहते. एक्झेक हा शब्द छोटा असला तरी तो गाळू नये.

ही स्क्रिप्ट कधी व कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या सर्व्हिस फाइलमध्ये पोस्टग्रेसचे नाव 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत द्यावे. आफ्टर केवळ क्रम ठरवते. दुसरी सेवा सुरू करण्याची जबाबदारी ती घेत नाही, आणि अनेकांची गफलत इथेच होते. ॲप रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) नावाने चालवू नये, त्यासाठी वेगळे खाते करावे. डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवून तिची परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करावी. 'रीस्टार्ट' या ओळीत 'ऑन-फेल्युअर' लिहावे आणि 'रीस्टार्टसेक' पाच सेकंद ठेवावे. ही दुसरी ओळ न लिहिल्यास सिस्टमडी केवळ 100 मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की ती सेवा 'फेल्ड' ठरवून थांबते. मग डेटाबेस मिनिटभरात तयार झाला तरी ॲप बंदच राहते. वाट पाहण्याचा लूप 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये (मुख्य आज्ञेच्या आधी चालणाऱ्या ओळीत) वेगळा ठेवायचा असेल तर सुरू होण्याची मुदत साधारणतः 90 सेकंदांची असते हे लक्षात घेऊन ती वाढवावी. फाइल बदलल्यावर 'डेमन-रीलोड' (ती पुन्हा वाचायला लावणे) करावे, आणि 'स्टार्ट'वर न थांबता 'इनेबल'ही (दर बूटला सुरू होण्याची नोंद) करावे, कारण स्टार्टचा परिणाम पुढच्या बूटपर्यंत टिकत नाही.

ॲप आणि डेटाबेस एकाच मशीनवर असल्याने ॲपला नेटवर्कची वाट पाहायला लावू नये. बाहेरून पोहोचण्यासाठी टनेल (इंटरनेटवरून घरच्या मशीनपर्यंतचा जोडमार्ग) वापरत असाल तर त्याची सर्व्हिस वेगळी ठेवून फक्त तीच 'नेटवर्क-ऑनलाइन'वर (नेटवर्क जोडले गेल्याच्या टप्प्यावर) अवलंबून ठेवावी. फायबरचा राउटर डेस्कटॉपपेक्षा सावकाश जागा होतो, पण तेवढ्यासाठी घरातल्या वायफायवरून पुस्तकांची नोंद करणाऱ्याला अडवून ठेवण्याचे कारण नाही.

हे सगळे चोख असले तरी मशीनच चालू झाले नाही तर उपयोग नाही. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, आणि सोसायटीत जनरेटर असेल तर एकाच दुपारी दोनदा झटका बसतो, एकदा जनरेटर सुरू होताना आणि एकदा मुख्य वीज परतताना. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रणालीत, वीज परत आल्यावर काय करायचे याची सेटिंग असते. ती 'पॉवर ऑन' ठेवावी, 'लास्ट स्टेट' नको. कारण यूपीएसच्या सॉफ्टवेअरने मशीन नीट बंद केले असेल तर शेवटची स्थिती 'बंद' अशीच नोंदली जाते. यूपीएस असल्यास आणखी एक अडचण संभवते: मशीन बंद झाले, पण यूपीएसने पुरवठा तोडण्याआधीच वीज आली, तर बायोसच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते आणि मशीन तसेच पडून राहते. म्हणून शटडाउननंतर यूपीएसने स्वतःचा पुरवठाही थोडा वेळ तोडावा, अशी सेटिंग करून घ्यावी. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे, मात्र तुमच्या यूपीएसला मशीनशी बोलता येईल अशी यूएसबीसारखी जोडणी हवी. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरील सीआर2032 हा नाण्याएवढा सेलही बदलून टाकावा. तो संपला की बायोसची ही सेटिंग पुसली जाते, घड्याळ मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे टनेलची टीएलएस प्रमाणपत्रे (सुरक्षित जोडणीची ओळखपत्रे) अवैध ठरतात.

चाचणी करताना केवळ रीबूटवर विसंबू नये. आधी 'किल माइनस नाइन' या सक्तीने बंद करणाऱ्या आज्ञेने गुनिकॉर्नची मुख्य प्रोसेस मारून ती पाच सेकंदांनी परत येते का ते पाहावे. मग डेटाबेसचा बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या डिस्कवर हलवून, भिंतीवरचे बटण खरोखर बंद करावे आणि मिनिटभराने चालू करावे. मॉनिटर व कीबोर्ड काढून ठेवलेले असावेत, कारण काही जुनी मशीन कीबोर्ड नसला की बायोसमध्येच अडकतात. नंतर 'जर्नलसीटीएल' या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेला सर्व्हिसचे नाव आणि 'माइनस बी' देऊन या बूटच्या नोंदी वाचाव्यात; डेटाबेससाठी ॲप किती वेळ थांबले ते तिथे दिसेल, आणि त्या लूपमध्ये दर फेरीला एक ओळ छापण्याची सोय ठेवली असेल तर पुढे बिघाड शोधणे फार सोपे जाईल.