ईसीजी नॉर्मल, मग छातीत धडधड कशाची?

गोव्यात म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की हल्ली पहिल्या दोन वाक्यांतच तो ओळखू येतो. "मॅडम, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. मग व्हिटॅमिन कमी असेल का?" विचारणारी बहुधा तिशी-चाळिशीतली असते. कुठलातरी रील पाहून तिने मॅग्नेशियम सुरू केलेले असते, केसांसाठी बायोटिन चालू असते, शेजारणीने सांगितलेले डी जीवनसत्त्वाचे सॅशेही घरात असतात. "टेन्शन घेऊ नका" हे तर तिने इतक्यांदा ऐकलेले असते की त्या वाक्याचेच तिला टेन्शन येते.

एकीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे सगळे बदलले आहे. तिला सुनीता म्हणू. डिचोली तालुक्यातली, दोन मुलांची आई. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यापासून मिळेल ती गाडी चालवतो. घरात काळजीला तोटा नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी धडधडीचे खापर काळजीवर फोडले होते.

तिच्या पर्समध्ये कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर होता. बॅटरीचे झाकण हरवलेले, त्यावर रबरबँड गुंडाळलेले. माझ्याशी बोलता बोलताच तिने तो बोटाला लावला.

"नाडीचे ठोके किती दाखवतो?"

"आता ९८. परवा रात्री ११२ होते."

"मग काय केलंत?"

"पडून राहिले. देवाचं नाव घेतलं. परत लावला तर ११८!"

माझ्या क्षेत्रातले काहीजण इथूनच थेट बालपणात शिरतात. मला ते पटत नाही. आधी शरीराचा हिशेब पुरा करायचा, मग मनाकडे वळायचे, ही माझी रीत. म्हणून मी जेवण, झोप, चहा, गोळ्या आणि पाळी, सगळे विचारत गेले. पाळीचे विचारल्यावर ती म्हणाली, "ती काय, आहेच हो." खोदून विचारले तेव्हा कळले की आठ-आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस रात्री उठून पॅड बदलावे लागते. हृदयाच्या डॉक्टरांपुढे हे कसे बोलायचे, म्हणून ती बोललीच नव्हती.

मी औषधे लिहून देत नाही, पण कोणत्या दाराशी जायचे ते सांगते. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या बाईचे ते किमान १२ हवे. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६. १५च्या खाली गेले म्हणजे साठा संपला असे समजतात. थायरॉइड आणि पोटॅशियम ठीक होते. स्त्रीरोगतज्ज्ञांना सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे पाळीत जास्त रक्त जायला लावू शकणारी साधी गाठ, दिसला.

पुढच्या भेटीला नवराही आला. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी झाले की शरीराची गरज भागवायला हृदयाला ठोके वाढवावे लागतात, असे मी सांगत होते. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे ट्रक कमी, फेऱ्या जास्त." याहून सोपे मला सांगता आले नसते. मी ते आता सगळ्यांना सांगते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण आकडा हलेना. मी सकाळचा क्रम विचारला. सकाळी पोई म्हणजे गोव्याचा पाव, चहा आणि त्या चहाबरोबरच गोळी! चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा तासाभराने, एवढाच बदल डॉक्टरांना विचारून केला. फायब्रॉइडवरही इलाज सुरू होता. काही महिन्यांत हिमोग्लोबिन १२च्या वर गेले. जिना चढताना लागणारी धाप गेली, धडधड निम्म्यावर आली.

निम्म्यावरच. बहुतेक लेख इथे संपतात. माझे काम इथून सुरू होते.

ती चिडूनच आली. "रक्त भरलं ना? मग रात्री अजून का धडधडतं? नक्की काहीतरी राहिलंय. बी-१२ परत करू का? मॅग्नेशियम वाढवू?" बोलता बोलता तिने ऑक्सिमीटर लावला. ९४.

मी हात पुढे केला. "मला लावा बघू." त्या दिवशी मी उशिरा पोचले होते, जिना धावत चढून आत आले होते.

तिने लावला. १०६. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्हाला बरं नाही?"

"मजेत आहे. जिना चढून आले."

"पण १०६..."

"हो. आता थोडा वेळ बोलूया, मग बघू."

मुलीच्या दहावीवर बोललो. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिले, माझे ८४. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काहीच केलं नाही. आपोआप उतरलं."

"आणि तुमचं ११२चं ११८ झालं तेव्हा?"

ती गप्प राहिली. पंखा तेवढा फिरत होता. मी एक शब्द बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे मला इतक्या वर्षांनी चांगले जमते. शेवटी तीच म्हणाली, "मी घाबरले. म्हणून वाढलं. आणि वाढलं म्हणून अजून घाबरले."

१९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पॅनिकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, हेच चक्र मांडले: शरीरातल्या साध्या बदलाचा अनर्थकारी अर्थ लावला की भीती वाढते आणि भीतीने तोच बदल आणखी वाढतो. सुनीताला ते नाव कधी सांगितले नाही. तिने ते स्वतःच्या बोटावर शोधले होते. या कामात मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हेच. तिची धडधड कमतरतेने सुरू केली आणि भीतीने टिकवली. एका कारणाचा इलाज झाला म्हणून दुसरे आपोआप जात नाही.

पुढे ऑक्सिमीटर घरच्या कपाटात गेला. रोज ती मुद्दाम जिना चढायची, धडधड येऊ द्यायची, आकडा न बघता ती उतरेपर्यंत तिथेच उभी राहायची. पहिला आठवडा कठीण गेला, तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला. भीतीची जागा कंटाळ्याने घेतली की मी निर्धास्त होते.

आता कमतरतेबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत आहात. धडधडीशी सगळ्यात सरळ नाते लोहाचे, म्हणजे ॲनिमियाचे. बी-१२ कमी पडल्यानेही ॲनिमिया होतो. निव्वळ शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. रोज बांगडा-तिसऱ्या खाणाऱ्या घरात बी-१२ सहसा कमी पडत नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटले तर ठोक्यांची लयच बिघडू शकते. जुलाब-उलट्या, लघवीच्या गोळ्या आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत दीर्घकाळ घेतलेली ॲसिडिटीची औषधे, ही नेहमीची कारणे. पण तपासल्याशिवाय पोटॅशियम घेऊ नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा पोटॅशियम जिवावर बेतते. मॅग्नेशियम जास्त झाले तर जुलाब होतात आणि जुलाबात पोटॅशियम जाते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना प्रत्येक गोळी सांगा, केसांचीसुद्धा. आणि पाळीचेही सांगा, समोर कुठल्याही विभागाचे डॉक्टर असोत.

धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे असे काही झाले, तर समुपदेशकाची वेळ घेऊ नका, १०८ला फोन करा. श्रम करतानाच धडधड सुरू होत असेल किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर आधी हृदयतज्ज्ञ. नाडी अनियमित लागते असे वाटले तर चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर तपासणीबद्दल विचारा. हे सगळे निवांत निघाले आणि तरी रात्री बोट ऑक्सिमीटरकडे जात असेल, तर मग माझ्याकडे या. येताना गोळ्यांच्या सगळ्या डब्या आणि रिपोर्ट घेऊन या.