डब्यातलं सँडविच गिच्च होऊ नये म्हणून

सकाळी सातला भरलेलं व्हेज सँडविच मधल्या सुट्टीपर्यंत गिच्च होतं आणि पहिल्याच घासाला काकडी-टोमॅटो मागून बाहेर येतात, असं तुम्ही लिहिलंय. ब्रेड बदलून काही होणार नाही. थर कसे लावता ते बदला. सोळा वर्षं डबे भरते आहे, त्याआधी फोर्टात नोकरीला असताना रोज दुपारी सँडविचच्या गाडीसमोर उभं राहून त्या काकांचे हात बघत असे. बरंचसं तिथेच शिकले.

ते पुडक्यातल्या शेजारशेजारच्या दोन स्लाइस घ्यायचे आणि पुस्तक उघडल्यासारख्या मांडायचे. अशा स्लाइस मिटल्यावर कडेला कड बरोबर जुळते. मग बटर, तेही कानाकोपऱ्यापर्यंत. आपण घरी नेमकी इथेच काटकसर करतो, मध्ये एक फराटा मारतो आणि कडा कोरड्या ठेवतो. बटर फक्त चवीसाठी नसतं. त्या स्निग्ध थरातून चटणीचं आणि भाज्यांचं पाणी ब्रेडमध्ये सहज उतरत नाही. म्हणून दोन्ही स्लाइसना लावायचं आणि चटणी त्याच्यावर. बटर रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवा, घट्ट बटराने ब्रेड फाटतो आणि फाटलेल्या जागी पाणी मुरतं.

चटणी घट्ट हवी. चमचा उपडा केला तरी पडू नये इतकी. कोथिंबिरीची एक जुडी कोवळ्या देठांसकट, मूठभर पुदिना, तीन-चार मिरच्या, आल्याचा तुकडा, जिरं, लिंबू, मीठ आणि दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं. डाळं पाणी धरून ठेवतं. वाटताना लागलंच तर चमचाभर बर्फाचं पाणी घाला. मिक्सर तापला की चटणी काळपट होते.

आता थर. खाली बटाटा, त्यावर बीट, मग टोमॅटो, मग काकडी, आणि वरच्या स्लाइसखाली पुन्हा बटाटा. गाडीवर बटाटा बहुतेक एकदाच असतो, कारण तिथलं सँडविच दोन मिनिटांत संपतं. डब्यात ते चार तास राहणार आहे. उकडलेला बटाटा चटणीला चिकटून बसतो आणि भाज्यांना सुटलेलं थोडं पाणी पिऊन घेतो, त्यामुळे गिच्चपणा आणि घसरणं, दोन्ही त्रास एकदम कमी होतात. मात्र तो पूर्ण गार हवा. मी बटाटा आणि बीट आदल्या रात्री सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी पातळ, अखंड चकत्या पडतात. बीट आधी चिरून उकडलं तर रंग पाण्यात जातो आणि चकत्याही मऊ पडतात. टोमॅटोच्या बिया काढा, चकत्या पाच मिनिटं स्वच्छ फडक्यावर पसरा. काकडीचंही तेच. कांदा डब्यात नको, बंद डब्यात त्याचा वास सगळ्याला लागतो.

चकत्या मध्ये ढिगाने रचू नका. चार कोपऱ्यांत चार, एकमेकींवर जराशा चढलेल्या. मुलं कोपऱ्यापासून खातात, तिथे नुसता ब्रेड आला की डबा अर्धा परत येतो.

आणि मसाला. माझ्या मते सगळ्यात जास्त सँडविचं इथे बिघडतात. सँडविच मसाल्यात काळं मीठ असतं. ते काकडी-टोमॅटोवर भुरभुरलं की मीठ त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढतं, जसं कोशिंबिरीला सुटतं तसं. म्हणून मसाला फक्त बटाट्यावर, दोन्ही थरांवर चिमूट चिमूट. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालूच नका.

वरची स्लाइस ठेवल्यावर तळहाताने हलकं दाबा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. मग दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं मागेपुढे करत कापा. कडा काढायच्या असतील तर भरून झाल्यावरच काढा, आधी काढल्या तर चकत्या बाहेर डोकावतात. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि डब्यात हलणार नाही असं बसवा.

ब्रेड आदल्या दिवशीचा घ्या. ताजा ब्रेड फार लुसलुशीत असतो, सुरीखाली दबतो.

टोस्ट सँडविचबद्दलही विचारलंय. चिमट्याच्या टोस्टरमध्ये भाजलेलं सँडविच मला फार आवडतं, पण ते ताटात वाढायचं. भाजताना आतलं बटर वितळून ब्रेडमध्ये जिरतं, म्हणजे मघाशी म्हटलेला थर उरत नाही, आणि गरम गरम डब्यात ठेवलं तर वाफेचं पाणी होऊन वरूनही भिजतं. तरी मुलाला तेच हवं असेल तर टोमॅटो-काकडी वगळा, बटाटा, सिमला मिरची आणि चीज भरा, भाजल्यावर जाळीवर पूर्ण निवू द्या आणि मगच झाकण लावा. चटणी वेगळ्या छोट्या डबीत द्या.