मॉडेल १५ ची वीज वाचवायची? आधी तेल द्या

टेलिटाइप मॉडेल १५, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणारं जुनं यंत्र, घरी आलं, अभिनंदन! वीज वाचवायची घाई समजते, पण आधी साफसफाई आणि तेल. जुनं तेल चिकटलं की मोटर उगाच जास्त करंट ओढते.

मग लूप, म्हणजे अक्षरांचे सिग्नल यंत्राकडे नेणारं करंटचं सर्किट. १२० व्होल्ट, ६० मिलिअँपिअर म्हणजे ७.२ वॉट, त्यातले बहुतेक रेझिस्टर तापवण्यातच जातात. म्हणून नवखे थेट १२ व्होल्टचा सप्लाय लावतात आणि फसतात (मीही फसलोय). इंडक्टन्समुळे (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) कमी व्होल्टेजला सिलेक्टरच्या, म्हणजे अक्षर निवडणाऱ्या भागाच्या, कॉइलमध्ये करंट सावकाश चढतो, आणि ४५.४५ बॉडला (सेकंदाला ४५.४५ पल्स) एका पल्सला जेमतेम २२ मिलिसेकंद मिळतात. अक्षरं भलतीच उमटतात.

होल्डिंग मॅग्नेटचा (लोखंडी पट्टी ओढून न घेता फक्त धरून ठेवणारा) सिलेक्टर असेल तर दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा, रेझिस्टर वाढवून २० मिलिअँपिअरवर या: २.४ वॉट. व्होल्टेज तेवढंच राहू द्या.

प्लग काढल्याशिवाय आत हात नको.