आधी कलम उघड

प्रिय बेटा,

"तू शरियतच्या बाजूची की संविधानाच्या?" असं वर्गात कुणीतरी विचारलं आणि तुला रडू कोसळलं, असं लिहिलंस. रडू आलं ते आलं. पण घरी येऊन तू कायदा उघडला नाहीस, याचा मला राग आहे.

1937 चा शरियत कायदा. मुळात कलमं सहा. निकाह, तलाक, मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम), पोटगी, वारसा यांत मुसलमानांना शरियत लागू, एवढंच तो म्हणतो. शरियत म्हणजे काय, ते सांगत नाही. शेतजमीन तर तेव्हाच वगळली. बाकीचं न्यायाधीशांनी निकालागणिक घडवलं. "हात लावू नका" म्हणून ओरडणारे आणि "फेकून द्या" म्हणणारे, दोघांनीही ही सहा कलमं वाचलेली नसतात. तू वाच.

मग 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा घे. नवरा चार वर्षं बेपत्ता, किंवा दोन वर्षं पोटगी नाही, तर बाई कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. इथले बहुतेक सुन्नी ज्या हनफी मताने चालतात, त्यात ही वाट जवळजवळ बंदच होती. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मालिकी या दुसऱ्या सुन्नी मताचा आधार काढून दिला आणि कायदेमंडळाने कायदा केला. हे तुमच्या वर्गात कुणी बोललं का?

हमीद दलवाईंनी 1970 मध्ये इथेच, पुण्यात, मुस्लिम समाजसुधारणेसाठी आणि समान नागरी कायद्यासाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. तरी मी कधी मोर्चात गेले नाही, मौलवींच्या व्यासपीठावरही नाही. दोन्हीकडच्यांनी बोल लावला, काही मैत्रिणी तुटल्या, त्याचं दुःख आजही आहे. पण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात माझ्यासमोर बसलेल्या बाईला समान नागरी कायदा येईपर्यंत थांबता येत नाही. तिच्या हातात निकाहनाम्याची घडीवर फाटलेली झेरॉक्स असते, मेहरचा आकडा नेमका घडीत गेलेला. तो आकडा आधी लावायचा असतो. मी तेच केलं, आणि मला ते कमी वाटत नाही.

शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या बाईला पोटगी दिली, त्यानंतरचा 1986 चा कायदा बायकांच्या मुळावर आला असं सगळे म्हणत होते. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच कायदा नीट वाचला: रक्कम इद्दतीत, म्हणजे तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांत, द्यायची, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याची करायची. वाचल्यानेच हे झालं, बेटा.

आता 2017 चा शायरा बानो निकाल घे. पाचपैकी तिघांनी तिहेरी तलाक नाकारला, पण तिघांची कारणं एक नाहीत. कुरियन जोसेफ यांनी कुराणाचा आधार घेतला, नरिमन आणि लळित यांनी संविधानाचा. उरलेल्या दोघांचं मतही सोडू नकोस. अख्खा वाचून ये. सारांश घेऊन आलीस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी,
मावशी